तेलाने गोंदलेले शब्द

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. सोइफाताईच्या कॉफीच्या दुकानात सकाळी मी हे सांगायला लागलो तेव्हा तिनंही ठेवला नाही. पण भाजलेल्या डुकराची बशी पुढे सरकवली, म्हणजे ऐकायची तयारी होती.

"अरे विरुन, आधी बस," ती म्हणाली. "तुझ्या येरझाऱ्या बघून चक्कर येते मला."

बसवत नव्हतंच. उभ्यानंच सुरुवात केली.

"माझी भाची बैतोई. पाटावर अक्षरांच्या सोंगट्या मांडून इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळात आपल्या त्रांग गावात तिचा हात धरणारं कोणी नाही. असे शब्द मांडते, की साहेबाच्या आजोबानंही ऐकले नसतील. अर्थ मात्र एकाचाही ठाऊक नाही! इथे सगळेच तसे खेळतात. 'अर्थाला गुण मिळतात का, मामा?' असं मलाच विचारायची. आणि मग फुकेतच्या बड्या हॉटेलात जागा निघाली. चाचणी कसली? अवघड शब्दांची. अर्थ सांगा, वाक्यात वापरून दाखवा. तिच्या आईनं बजावलं, जागा मिळाली नाही तर मुकाट्यानं रबराच्या बागेत चीक काढायला यायचं. पोरीला त्या वासानंच मळमळतं. म्हणून मी तिला आचार्य प्लुएंगकडे नेलं."

"गोंदायला?" सोइफाताई किंचाळली. "पोरीची पाठ रंगवून हॉटेलात पाठवतोस होय रे?"

"शाईनं नाही गं, मंतरलेल्या तिळाच्या तेलानं. टोचतं तेवढंच, दिसत काही नाही. वाघ गोंदलेल्या माणसाच्या अंगात गुरुपूजेला वाघ येतो, तो गुरगुरत पळत सुटतो, हे तर तूही पाहिलंयस. मी म्हटलं, आचार्य, वाघाच्या जागी शब्द घाला. अर्थ आपोआप अंगात येईल."

"आणि आला?"

"आला म्हणजे! पहिला शब्द घातला 'व्होरेशस'. आचार्यांनी फुंकर मारली मात्र, पोर उठली आणि पूजेतली डुकराची मुंडी, केळी, नारळ सगळं फस्त करून उदबत्त्यांकडे बघायला लागली. अधाशी, हा त्याचा अर्थ!"

कोपऱ्यातल्या थनोमनं चहात बुडवलेली तळलेल्या पिठाची कांडी तशीच हातात धरली. हा मोटरसायकलवर भाडी मारतो, आणि एरवी कोणाचं ऐकून घेत नाही. "मग कान चोळायचे की, काका! अंगात आलेलं कानानं उतरतं."

"चोळले. लाल होईपर्यंत चोळले. आचार्य म्हणाले, इंग्रजी शब्द आहे, त्याला आपले उपाय चालायचे नाहीत. नीट वाक्यात वापरला तरच उतरेल. पोरीनं केळं गिळलं आणि म्हणाली, 'लग्नाच्या पंगतीत माझे मामा व्होरेशस होतात.' झालं, शांत!"

"हे मात्र खरं असेल," सोइफाताई म्हणाली.

"दुसरा 'लग्युब्रियस', म्हणजे सुतकी. तिनं असा चेहरा पाडला, की शेजारी पुष्पचक्रं घेऊन आले. दोघं तर मयताच्या घरी खेळायला म्हणून पत्तेही घेऊन आले. मासळी न आणलेल्या दिवशीच्या मांजरावर वाक्य रचलं, तेव्हा कुठे उतरला. पण तिसरा! 'पेरिपॅटेटिक'. एका जागी न टिकणारा, सदा हिंडता. पोर जी निघाली! बाजार, स्टेशन, घड्याळाचा मनोरा, थेट कांतांग बंदराचा धक्का. धक्का संपला तरी थांबेना. भरतीच्या पाण्यावरून चालत गेली, चपला कोरड्या!"

"काका…" थनोम म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस. वाक्य काही सुचेना. तशीच चाचणीला गेली. खोलीत गोल गोल फिरतेय. टेबलामागची बाई म्हणाली, 'बस ना गं.' ही म्हणाली, 'बसता येत नाही, बाई.' बाईनं नेमका तोच शब्द विचारला. पोर म्हणाली, 'आज माझे मामा पेरिपॅटेटिक झालेत. चाचणी माझी, आणि जमीन झिजवतायत ते.' आणि बसली खुर्चीत! बाई उठून उभी राहिली, म्हणाली, असं वाक्य मी जन्मात ऐकलं नाही. तिथल्या तिथे नेमणूक! निळा गणवेश, राहायला खोली, खिडकीतून समुद्र. बहिणीनं चीक काढायची सुरी आता कैऱ्या चिरायला घेतलीय."

"विरुनकाका, थापा मारायच्या त्याला काही हद्द?" थनोम उठलाच. "पोरीला फुकेतच्या गाडीत मीच बसवून मग इथे आलोय. चाचणी आज दुपारी आहे!"