सकाळी सातचं प्रात्यक्षिक

परीक्षा सकाळी सातला घ्यायची हा हट्ट माझा होता. तेव्हा पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय नाही.

साल छप्पन. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली, संचारबंदी लागली आणि आमची मुलुंडची मुलींची शाळाही बंद पडली. मग सगळंच मागे पडत गेलं. अकरावीच्या शास्त्राची प्रात्यक्षिकं ढकलत ढकलत मे महिन्यात, तीही दुपारची, जाऊन पडली.

शिक्षकांच्या सभेत एकच गलका उडाला. चित्रकलेच्या विमलाबाई म्हणाल्या, "मे संपला की बोटी बंद. मी मालवणला जाऊ कशी, पोहत?" कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या घरी मुंज. कुणी म्हणालं, दुपारी शाळेच्या नळाला पाणी नसतं, मुलींनी हात कुठे धुवायचे? आणि शास्त्राच्या खोलीच्या पत्र्याखाली त्या भाजून निघतील त्याचं काय?

हे सगळं खरंच होतं. पण मला राग येत होता, कारण माझं दुखणं निराळंच होतं. मुलींना शास्त्र शिकवायला शाळेच्या मंडळींनी एका वर्षापुरती परवानगी दिली होती, तीही नाक मुरडत. "पोरींना चिमटे आणि परीक्षानळ्या कशाला? शिवण आहे, स्वयंपाक आहे," असं आमचे चिटणीस जयवंतराव उघड म्हणायचे. निकाल चांगला लागला तर ठीक, नाहीतर जूनपासून माझा वर्ग बंद. अकरा मुली जीव तोडून शिकल्या होत्या, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या मुली दारातून डोकावत होत्या.

म्हणून मी ताडकन उभी राहिले. "सकाळी सातला घेऊ. ऊन नसतं, नळाला पाणी असतं, दुपारपर्यंत सगळे मोकळे." मुख्याध्यापिका मृणालिनीबाईंनी मान डोलावली, सगळ्यांना पटलं, आणि मी मोठी लढाई जिंकल्यासारखी खाली बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परीक्षक आले पुण्याचे, आगाशे नावाचे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. नियम असा की परीक्षा चालू असताना वर्गाच्या बाईंनी कोपऱ्यात बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच.

भिंगाचे प्रयोग झकास झाले. आम्ल आणि अल्कली तर मुलींनी डोळे मिटून ओळखले असते. मग आली घर्षणविद्युत. काचेची कांडी रेशमाच्या फडक्यावर घासायची आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्यायची. कपटे उडी मारून चिकटतात. फेब्रुवारीत शाळा उघडल्यावर हे आम्ही इतक्यांदा केलं होतं की मुली त्या कपट्यांना लाडाची नावं द्यायच्या.

माणिकने कांडी घासली. भांडुपची मुलगी, वडील गिरणीत, मनगटात जोर. कपटे ढिम्म. तिने पुन्हा घासली. ढिम्म. शेजारी शुभाने घासली, तिचीही तीच गत. बोटांना घाम, फडकं मऊ पडलेलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हवा कोरडी हवी! मे महिन्यात मुंबईची सकाळ म्हणजे ओलं फडकंच. दुपारी निदान ऊन तरी असतं. सातची वेळ मीच मागून घेतली होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

"हे काय?" आगाशे म्हणाले. "आमच्या पुण्याला हे पाचवीतली पोरं करतात." त्यांनी पेन उघडलं. नेमके त्याच वेळी जयवंतराव दारात येऊन उभे राहिले होते.

"सर, एक विचारू?" माणिक म्हणाली.

"विचार."

"कांडीवर ओल बसते सर. ती आणि फडकं उन्हात तापवू द्या, मग होईल. आमच्याकडे पापड सकाळचे कोण नाय वाळत घालत. ऊन चढलं की मग घालतात."

मुली खुदकन हसल्या. आगाशे हसले नाहीत. माणिकचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. "पुण्याला सकाळीपण होत असेल, सर. इथे खाडी जवळ आहे ना."

आगाशेंनी मान पुसली. रुमाल पिळायच्या लायकीचा झाला होता. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, स्वतः कांडी घेतली आणि तोंड लाल होईस्तोवर घासली. कपटे जागचे हलले नाहीत.

"हं," ते म्हणाले. पेन बंद केलं. "परीक्षा आजची आहे. आज सूर्य मावळेपर्यंत आजच असतं."

कांड्या आणि फडकी मुख्य इमारतीच्या गच्चीवर गेली. मुली सावलीत बसल्या, कुणी घरी गेलं नाही, डबे आणलेच नव्हते. जयवंतरावांना किती कामं होती ते त्यांनी मला दोनदा सांगितलं, पण तेही हलले नाहीत. "कांडी भाजून वीज काढणार होय?" म्हणाले. मी ओठ दाताखाली धरले.

डोक्यावर ऊन आल्यावर माणिक तापलेली कांडी गरम रेशमात गुंडाळून घेऊन आली. हात पदराला कोरडे करून तिने चारदोन झटके दिले, आणि कपटे असे उसळले की शुभा किंचाळलीच. मग शुभाचे उसळले. मग एकामागून एक सगळ्यांचे. आगाशेंनी प्रत्येकीला विचारलं, सकाळी का झालं नाही? प्रत्येकीने कारण सांगितलं, आणि त्यांनी त्याचेही गुण दिले. मला इतका आनंद झाला की मी सरळ डोळ्यांना पदर लावला. कोण बघतंय त्याची पर्वा केली नाही.

आगाशे कोट हातावर टाकून स्टेशनकडे गेले. मी सामान आवरत होते. जयवंतराव टेबलाशी आले, कुणी बघत नाही अशा बेताने कांडी उचलली, घासली आणि कपट्यांवर धरली. एक कपटा टुणकन येऊन चिकटला. त्यांनी तो सोडवला आणि पुन्हा चिकटवून पाहिला.

"राजाध्यक्षबाई," ते कांडी जपून ठेवत म्हणाले, "पुढच्या वर्षी हे असलं सकाळचं ठेवू नका."

"पुढच्या वर्षी?" मी म्हटलं.

"मग? दरवर्षी परीक्षकांना गच्चीवर चढवणार आहात काय?"

त्यांच्याशी कधी एकमत न होणारी मी, "नाही हो, दुपारी ठेवीन," म्हणाले.