खाच चिमट्याच्या हाताला

नखाएवढा काळा तुकडा, एका कडेला खाच.

सोफ्याच्या मखमलीवर उलटा फिरवलेला हात.

वहिनीचा फोन: "जेवायला येणार आहेस, की तुझं ताट त्या तारांनाच वाढू?"

शंभरातले अकरा.

यातल्या शेवटच्यानं थोरलीच्या तोंडचं पाणी पळवलं. प्रयोगशाळेतली सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी, म्हणून ती थोरली. काळ्या तुकड्यावर तिनं अर्धवाहकाच्या तारा वाढवल्या होत्या, केसापेक्षा कितीतरी बारीक, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. काल त्यांच्यावर तिरपा प्रकाश सोडला, तर शंभरातले तीनच भाग परत आले. बाकीचे तारांनी गट्ट केले. सरळ तारांना हे कधी जमलं नव्हतं. आज तोच तुकडा अकरा भाग परत देत होता.

"दुपारी मला पुन्हा तीन दाखव," प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी बजावलं होतं. "नाहीतर तिरक्यांचा नाद सोड आणि सरळ वाढवायला लाग."

"तारा मोडल्या असणार," थोरली पुटपुटली.

"मोडतायत कशाला? फुलासारखा ठेवलाय मी तुकडा." हा तिचा कामातला जोडीदार, डावरा. चिमट्यापासून चमच्यापर्यंत सगळं डाव्या हातानं.

"खाच कुठल्या बाजूला ठेवलीस?"

"चिमट्याच्या हाताला. तूच शिकवलंस ना, ताई?"

थोरली त्याच्या हाताकडे बघतच राहिली. मग तिला हसू आवरेना. इथं येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच शिकवत आली होती, आणि आजवर प्रत्येकाचा चिमटा उजव्या हातात होता. तुकडा उलट्या तोंडानं बसला होता.

तिनं तो फिरवला. तीन. पुन्हा फिरवला. अकरा.

बाई आल्या आणि त्यांनी स्वतःच तुकडा चार वेळा फिरवून पाहिला. मखमलीसारखंच होतं ते: एका बाजूनं गडद, दुसऱ्या बाजूनं फिकट.

"सरळ तारांना हे सुचणारही नाही," त्या म्हणाल्या. "तिरक्याच चालू ठेव. आता प्रत्येक कोनातून मोज."

"आणि खाच?" डावऱ्यानं विचारलं.

"खिडकीकडे. खिडकी काही डावरी नसते."

थोरलीनं वहिनीनं शेवटी पाठवून दिलेला डबा उघडला आणि अर्धा त्याच्यापुढे सरकवला.

पहिल्या खेपेला तिला सरळच तारा वाढवायच्या होत्या. भट्टीत चुकून वेगळ्या कापाची स्फटिकाची चकती गेली, आणि तिच्यावर तारा तिरक्या उगवल्या होत्या.