टिचकीबुवांचे हिरवे तारे

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पालक खिडक्यांत चढले होते, एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढत होते. मंचावर चौथीतली मुलगी, शिवणकाम करणाऱ्या ताईंची लेक, टॅबच्या पडद्यावर बोट टेकवत होती आणि मागच्या भिंतीवर हिरवे तारे फुटत होते. परवापर्यंत हिला एक ओळ धड वाचता येत नव्हती!

"टिचकी मारा, उगवेल तारा!" कंपनीचा माणूस गरजला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बूट, जीभ त्याहून गुळगुळीत. शिक्षकखोलीत त्याचं नाव टिचकीबुवा. "आमचं ॲप मुलाच्या मनात उतरतं. वाचन शंभर टक्के! मग तो जुनाट वाचनवर्ग हवाय कशाला?"

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. उद्यापासून वाचनवर्ग बंद, ॲप सुरू. मुलीची आई डोळे पुसत होती.

वाचनवर्गाच्या बाई उठल्या. "मीही करून बघू का?"

"बघा की, मॅडम! बिनधास्त."

बाईंनी टॅबवरचा वाचायचा उतारा आणि त्याखालचा प्रश्न पुठ्ठ्यानं झाकून टाकला. उघडी राहिली फक्त उत्तरांची चार बटणं. "हं, दाब बाळा."

पहिलं बटण विझलं. दुसरंही विझलं. तिसऱ्यावर तारा! पुढचा प्रश्न. पुन्हा तेच. शेवटी भिंत झळकली: वाचन, शंभर टक्के.

"अहो, न वाचताच?" मागून एक बाप ओरडला.

"ॲप तिचं अंतर्मन ओळखतं," टिचकीबुवा घाम पुसत म्हणाले.

"मग आमच्या आजोबांना बसवा, चष्मा हरवलाय त्यांचा!"

सभागृह खदखदून हसलं.

बाई म्हणाल्या, "चुकलेलं बटण विझतं, बरोबर तेवढं उरतं. चुका कुणी मोजतच नाही. हाच तो चमत्कार."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे हिला वाचता येत नाही?"

"अजून नाही, ताई. जोडाक्षराला अडते. येईल."

मुलगी पुटपुटली, "मला माहीत होतं. पण आई, तू किती हसत होतीस..."

आईनं तिला कुशीत ओढलं. मग मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, उद्या वर्ग आहे ना?"

"आहे," मुख्याध्यापक खाली बघत म्हणाले.

आपल्या शाळेतही असे बुवा येतील. ताऱ्यांना टाळ्या जरूर वाजवा, पण त्याआधी आधी न पाहिलेलं एक पुस्तक मुलाच्या हाती द्या आणि म्हणा, वाच. तो अडखळला तर शेजारी बसा. एवढं कुठलाही तारा करत नाही.