सोमवारचा धूर

आर्वो निस्कानेनची आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आदर्श म्हणून निवड केली, तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता आणि सलग सहा आठवडे फसवणूक करत होता.

निवड केली पॉलेटने, डायलिसिस केंद्राच्या मुख्य नर्सने. "आर्वो, एक नवीन पेशंट आलाय. पाणी आवरत नाही त्याला. तुम्ही त्याला चार शब्द सांगा. तुमच्यासारखं इथे कुणाला जमलेलं नाही."

"माझ्यासारखं खरंच कुणाला जमलेलं नाही," आर्वो म्हणाला. निदान हे वाक्य तरी खरं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. तीस वर्षं तो काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवत होता. रक्तदाबाच्या गोळ्या डॅशबोर्डवर आणि कॉफीचा थर्मॉस मांडीवर. गोळ्या बहुतेक डॅशबोर्डवरच राहिल्या. आता सोमवार, बुधवार आणि शुक्रवार चार-चार तास खुर्चीत बसून मशीनकडून रक्त धुऊन घ्यायचं. मधल्या दिवसांत प्यायलेलं सगळं अंगातच साचून राहायचं, म्हणून दिवसाला एक लिटरची मर्यादा, त्यात सूपही आलं. आर्वोला एक लिटर कॉफी सकाळी गाडी गरम होईपर्यंत लागायची.

केंद्रात शिरलं की पहिला वजनकाटा. अख्ख्या काउंटीत किलोत मोजणारी ही एकच जागा. पाउंडात मोजलं असतं तर आकडा दुपटीहून मोठा दिसला असता, तेवढी दया त्याच्यावर झाली होती. तीन किलो चढले, साडेतीन चढले. पॉलेट आकडा लिहायची आणि आर्वो छताकडे बघायचा.

मग घरी ठेवायचं नवं मशीन आलं. जुन्या टीव्हीएवढं. आठवड्यातून पाच दिवस, थोडा-थोडा वेळ, बेताबेताने. हृदयावर ताण कमी, थकवा कमी आणि पिण्यावरचं बंधनही थोडं सैल. हे शेवटचं ऐकल्यावर आर्वोने पुढची माहिती ऐकलीच नाही. शिवाय चाळीस मैलांची खेप वाचणार होती. त्या रस्त्यावर आता बर्फ काढणारा नवा माणूस वळणावर पातं उचलून बर्फ तसाच सोडतो, हे दर खेपेला बघावं लागायचं. डॉक्टरांनी रक्तदाब वाढवणाऱ्या गोष्टी टाळायला सांगितल्या होत्या.

पॉलेटची अट साधी होती. "घरी मी नसणार. वजन तुम्ही करणार, पाणी किती काढायचं ते त्यावरून ठरणार, आकडाही तुम्हीच लिहिणार. आठ आठवडे दोन किलोंच्या आत राहून दाखवा, मग तुमच्या दोघांच्या प्रशिक्षणाच्या कागदावर मी सही करते."

दोघांच्या म्हणजे त्याची बायको इर्मा हिच्याही. तिने त्याच संध्याकाळी संत्र्यावर मशीनची सुई टोचायचा सराव सुरू केला.

आर्वोनेही मनावर घेतलं. निग्रहाने, प्रामाणिकपणे, अडीच दिवस. मग त्याला मागच्या अंगणातला सौना आठवला. आजोबांनी बांधलेली लाकडी खोली. दर शनिवारी चुलीवर दगड तापवायचे, त्यांवर पाणी मारायचं, वाफेत बसून घाम काढायचा. सव्वा किलो तासाभरात. इतकी हुशारी शाळेत दाखवली असती तर कुठल्या कुठे गेलो असतो, असं त्याला वाटलं.

"सोमवारी सौना?" इर्माने पहिल्यांदा विचारलं. "कोण मेलं?"

"कंबर धरलीये."

"मग शनिवारी शेकशील ना, सगळ्या जगासारखा!"

"कंबर सोमवारीच धरते."

इर्माने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा संत्रं हातात घेतलं.

आणि आता पॉलेटने त्याला नव्या पेशंटसमोर नेऊन बसवलं, तर तो निघाला रॉय तुरुनेन. दोन घरं सोडून राहणारा. चाळीस वर्षं दोघांचा एकच वाद: कुणी कुणाच्या वाटेत बर्फ ढकलला.

"बोल लेका," रॉय म्हणाला. "तू म्हणे इथला संत आहेस."

आर्वो बोलला. लहान कप वापरावा. बर्फाचा खडा चघळावा. द्राक्षं गोठवून एकेक तोंडात धरावं, लिंबाची फोड चोखावी. सगळं त्याने पॉलेटने दिलेल्या पत्रकात वाचलं होतं. त्यातलं एकही करून पाहिलं नव्हतं. मागे पॉलेट मान डोलवत होती. त्याला इतकं रंगात येऊन बोलता येतं, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

"गोठवलेली द्राक्षं," रॉय सावकाश म्हणाला. "बरं."

पुढच्या सोमवारी सकाळी आर्वो चूल पेटवून बाहेर आला, तर रॉयच्याही सौनातून धूर निघत होता. आपण किती मूर्ख आहोत हे त्याला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं, कारण त्या क्षणी त्याच्या मनात एवढंच आलं: रॉयची लाकडं ओली आहेत.

केंद्रात रॉयचं वजन भरलं फक्त दीड किलो जास्त. पॉलेटने टाळ्या वाजवल्या. "बघा, आर्वो! एका आठवड्यात!"

ती लांब गेल्यावर रॉय खुर्चीतून वाकला. "शनिवारचा धूर शनिवारी दिसतो. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी दिसला म्हणजे माणसाला एक तर वेड लागलंय, नाहीतर तो डायलिसिसवर आहे. तुझ्या बाबतीत आधी मला वेडच वाटलं होतं."

"रॉय, तू नको करूस. तुझं बी.पी. आधीच खाली असतं."

"ऐका! संताला सौना चालतो, भक्ताला नाही. मलाही ते घरचं मशीन हवंय."

बुधवारी रॉय भिंतीला धरून आत आला. वजन छान होतं. रक्तदाब मात्र इतका कमी की पॉलेटने काट्यावरूनच त्याला खुर्चीत टाकलं. मग तिने त्याच्या डाव्या दंडावर हात ठेवला. तिथे शस्त्रक्रियेने नस आणि धमनी जोडलेली असते. मशीनच्या सुया तिथेच लागतात. बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. प्रत्येक पेशंट सकाळी उठून आधी ती तपासतो, मग चष्मा शोधतो.

पॉलेटने बोटं सरकवली. पुन्हा सरकवली. स्टेथोस्कोप लावला. "थांबलंय."

रक्ताची गुठळी. शंभर मैलांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं. उघडलं तर ठीक, नाहीतर नवी शस्त्रक्रिया, तोवर डायलिसिससाठी मानेत नळी. "कालपासून काय केलंत, रॉय? उलट्या? जुलाब? एवढं पाणी गेलं कुठे?"

रॉयचा चेहरा खडूसारखा झाला होता. तो आर्वोकडे बघत नव्हता. "काही नाही. द्राक्षं खाल्ली."

त्याला नेलं. आर्वोला मशीन लागलं. चार तास तो स्वतःच्या दंडावर बोट ठेवून बसला होता, गुरगुर होती. शुक्रवारी त्याचे आठ आठवडे पुरे होत होते. सहीचा कागद पॉलेटच्या टेबलावर, त्याला दिसेल असा, तिने मुद्दाम ठेवला होता.

गुरुवारी त्याने हॉस्पिटलात फोन केला. गुठळी काढली होती, नस वाचली होती.

"आता सौना बंद," आर्वो म्हणाला.

"तू तुझं मशीन घेऊन जा घरी," रॉय म्हणाला. "मला ज्ञान शिकवू नकोस. माझे अजून सात आठवडे राहिलेत. यावेळी जरा बेताने बसेन."

"त्यांना खरं सांग."

"तू सांगितलंस?"

आर्वोने फोन ठेवला. स्वयंपाकघरात इर्मा संत्र्याला सफाईने सुई लावत होती. आठ आठवडे ती खरी शिकत होती आणि तो खोटं. त्याने कपात कॉफी घेतली, पाहिली आणि मोरीत ओतली. स्वतःचा मोठेपणा पाहून त्याला भरून आलं. मग लक्षात आलं, की भांड्यात अजून चार कप आहेत.

"कंबर वगैरे काही नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. कंबर धरलेला माणूस लाकडं फोडत नाही." तिने सुई खाली ठेवली. "मी वाट बघत होते. उद्या पॉलेटला तू सांगणार आहेस की मी?"

"मी."

शुक्रवारी धूर निघाला नाही. आर्वो काट्यावर चढला. तीन पूर्णांक चार किलो जास्त. पॉलेटने काटा बंद करून पुन्हा लावला.

"काटा बरोबर आहे," आर्वो म्हणाला. "आठ आठवडे मी चुकीचा होतो." आणि त्याने सांगितलं: सौना, सव्वा किलो, पत्रकातली द्राक्षं. "रॉयने माझं बघून केलं. तो परत आला की पुन्हा करणार. त्याच्या डॉक्टरांना आजच कळवा."

पॉलेट आधी उठली आणि फोन करून आली. मग त्याच्यासमोर बसली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "तुमचीही नस बंद पडली असती. आणि मी त्या माणसाला तुमच्यासमोर नेऊन बसवलं. मी!"

"हो."

"दिवसाला कॉफी किती?"

"चार कप."

"सात," सोबत आलेली इर्मा म्हणाली.

पॉलेटने टेबलावरचा कागद उचलून खणात ठेवला. फाडला नाही, हे आर्वोने नीट पाहून घेतलं. "आठ आठवडे नव्याने. आणि दोन किलोंची अट राहू दे बाजूला. रोज किती प्यायलात ते लिहून आणायचं. आकडा वाईट असला तरी चालेल. खोटा आकडा दिसला, तर हा खण मी पुन्हा उघडणार नाही."

"सात लिहू?"

"प्यायलात तर सात."

दहा दिवसांनी रॉय परतला, दंडाला पट्टी बांधून. आर्वो काट्यावर उभा होता, हातात वही. पॉलेटने आकडा मोठ्याने वाचला: दोन पूर्णांक नऊ.

"आदर्श!" रॉय खुर्चीतून ओरडला. "काही मार्गदर्शन?"

"आहे की," आर्वो म्हणाला आणि वहीचं पान त्याच्यासमोर धरलं. सोमवार, सहा कप. मंगळवार, पाच. बुधवार, पाच, आणि खाली इर्माच्या अक्षरात: साडेपाच.