अपुरी ठेवलेली कमान

नवरीच्या कपाळावर रंगवलेल्या काळ्या कमानींपैकी डावीकडची एक टोकाला मिटलेली नव्हती. पडद्यावरून हिशेब केला, तर साधारण चार मिलिमीटर त्वचा कोरी राहिली होती.

फिल्मच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी मी सोलो शहरातल्या एका पावडर कंपनीची जाहिरात करत होते. नवरी झाली होती माझ्याच खोलीत राहणारी वेनिंग. तिला सजवायला कोटागेडेहून नवऱ्या सजवणाऱ्या इबू विर्यानी आल्या होत्या. खऱ्या नवरीला सजवण्याआधी त्या तीन दिवस उपास करतात. आमच्याकडे मात्र मधल्या सुट्टीत त्यांनी वाटीभर सोतोचं सूप ओरपलं.

"ना नवरा, ना लग्न," त्या म्हणाल्या. "मी कशाला उपाशी मरू?"

निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की कमान मुद्दाम उघडी ठेवली आहे. लग्न नसताना त्या चेहरा पुरा करत नाहीत. पुरी झालेली नवरी कुणाची तरी असते. मी मान डोलावली. पण कंपनीच्या मेलानीबाईंनी कच्ची फिल्म पाहून तो दोष काढायला सांगितला, आणि मी संगणकावर कमान जोडून पुरी केली. दोनशे अठ्ठ्याऐंशी चौकटी, एका दुपारचं काम. वेनिंगला यातलं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला तिने विचारलं, "फाटकापाशी कोण उभंय गं?"

कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो अंगणात आल्याचं ती म्हणाली. वराचा पोशाख होता, चेहरा दिसला नाही. मग तिचं जेवण सुटलं. चार वाजले की केस विंचरून, पाय जुळवून ती दाराकडे तोंड करून बसायची. कपाळ ओढतं म्हणायची आणि नेमकं त्याच जागी बोट ठेवायची. ताप नव्हता. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

मी इबू विर्यानींकडे गेले. कमान कोणी पुरी केली, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. ती फिल्म पुसून टाक, पुरी केलेली कमान कुठेही ठेवू नकोस, आणि चार माणसांनी पाहायच्या आत हे कर, चार माणसांनी पाहिलं की लग्न लागलं, असं त्या म्हणाल्या.

उघड्या कमानीची फिल्म कंपनी घेणार नव्हती, आणि कंपनीच्या सहीशिवाय पदवी नव्हती. आईने चार वर्षं शिवणकाम करून मला शिकवलं होतं. परीक्षा झाली की पुसू, असं मी अकरा दिवस स्वतःला सांगत राहिले.

परीक्षेच्या दिवशी वेनिंग न सांगता आली. पहिल्या रांगेत बसली. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगा बसायला लागला, तर हसून, अगदी नम्रपणे म्हणाली, "इथे नको रे, हे आत्ताच पोचलेत."

मेलानीबाई घड्याळ पाहत होत्या. परीक्षा घेणाऱ्या पाक हंडाका सरांनी दिवे मालवायला सांगितले. "लाव पोरी. तुझ्यासाठीच थांबलोय सगळे."

बटणावर माझं बोट होतं. वेनिंगने मान किंचित उजवीकडे कलवली, कुणी कानात बोलत असल्यासारखी.

मी बोट उचललं.

"ही फिल्म मी देत नाही, सर," मी म्हणाले. "आत्ता, तुमच्यासमोर पुसते. मला नापास करा."