चुकलेली पाळी

गटारीच्या दिवशी बांधावरची पाळी कोणालाच नको असते. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणून आषाढ अमावास्येला गावातला पुरुष सकाळपासूनच पुढच्या महिन्याचा उपास आगाऊ वसूल करायला बसतो. आणि नेमकं त्याच दिवशी दुपारी खाडीला उधाण. पेणच्या पश्चिमेकडच्या या गावांची भातखाचरं भरतीच्या पाण्याहून खाली आहेत. मधे काय तो मातीचा बांध. खेकड्याच्या एवढ्याशा बिळातून पाणी शिरलं तरी बघता बघता बांध फुटून खांड पडते, आणि एकदा खारं पाणी बसलेल्या शेतात पुढची काही वर्षं भाताची काडी उगवत नाही. म्हणून अमावास्या-पुनवेला पाळीपाळीने एकेका घरचा माणूस फावडं घेऊन बांधावर बसतो. याला जोळ म्हणतात. पाळी चुकवणाऱ्याला गाव शिव्या देत नाही. त्याच्याकडं बघतं, आणि पुढच्या बैठकीपर्यंत लक्षात ठेवतं.

काळुरामच्या घराची पाळी दोनदा चुकली होती.

चूक काळुरामची नव्हती. तो आयुष्यभर मिठागरात राबला, बांधावर त्याच्याइतका कोणी बसला नसेल. पण शिमग्यानंतर मिठाची टोपली उचलताना तो जो खाली बसला तो पेणच्या डॉक्टरांनीच उठवला. हृदय मोठं झालंय, जड उचलायचं नाही, चिखलात उतरायचं नाही. हृदय मोठं झालंय हे ऐकून गावाने म्हातारा आता पार्टी देईल असं ठरवलं, ते सोडा. तेव्हापासून घराची पाळी मुलाच्या, निकेशच्या नावावर आली. निकेश होता धाटावला, केमिकल कंपनीत, ट्रेनी ऑपरेटर. एकदा त्याला सलग दोन शिफ्ट कराव्या लागल्या, दुसऱ्यांदा साहेबांनी सुट्टी फिरवली. जोळीच्या बैठकीत शेजारचा धोंडी म्हणाला की गटारी निकेशलाच देऊन टाका, पोरगा पीत नाय, आणि प्यायला त्याला येळ कुठं हाय? सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने काळुराम हसला, कारण हसण्याची किंमत त्याच्याच घरातून जात होती.

निकेशचा हिशोब गावाला कधी नीट लागला नाही. पेणला बी.एस्सी. केलेला, खानदानात पहिला पॅन्टवाला. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात तिघांबरोबर एका खोलीत राहायचा, कुंडलिकेचा पूल ओलांडून कंपनीच्या बसने धाटावला जायचा. पगार बरा, कन्फर्म झाला की आणखी बरा. ही झाली जमा. खर्चाच्या बाजूला मृणाली. लग्नाला वर्ष झालं होतं आणि तिला नवऱ्याचा चेहरा पाठ होता तो मिटल्या डोळ्यांचा. सुट्टीला यायचा, जेवायचा आणि झोपायचा. मागच्या खेपेला ती उशाशी बसून "ऐका ना" म्हणाली, तर त्याने "हां" म्हटलं आणि घोरायला लागला. जे सांगायचं होतं ते तिने पुन्हा पदराला बांधलं.

तरी गटारीची पाळी त्याने मनावर घेतली होती. आदल्या दिवशीची रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे सकाळी सातला मोकळा. रोह्याहून एस.टी. धरायची, फाट्यावर उतरायचं. बापाला त्याने बजावून ठेवलं होतं.

"मी घरी येत नाय, परस्पर बांधावर जाईन. भाकरी तिकडंच पाठवा. आणि बाबा, तुम्ही ओटीची पायरी उतरायची नाय."

"नाय उतरत," काळुराम म्हणाला. "कंपनीचा माणूस बांधावर बसणार, मी कशाला मधे येतो?"

कंपनीचा एक नियम असतो, आणि तो वाईट नाही. रिॲक्टरमध्ये बॅच चालू असताना आपल्या जागी दुसरा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय पॅनेल सोडायचं नाही. तापमान चढलं आणि बघायला कोणी नसलं तर काय होतं, हे धाटावमध्ये शिकवावं लागत नाही. निकेशचा रिलीव्हर होता अष्टमीचा रवी. मनाने चांगला, कामाला चोख, पण गटारीच्या बाबतीत घाईचा. गावाने सकाळी सुरू करायची ती त्याने आदल्या संध्याकाळीच उरकायला घेतली होती. सात वाजता निकेश दाराकडं बघत होता तेव्हा रवी अष्टमीत स्वतःच्या दारात आडवा होता, आणि त्याची आई त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होती.

आठ वाजले. शिफ्ट इन्चार्ज देवस्थळी साहेब आले, त्यांनी रजिस्टर बघितलं, तोंडाने च्‌ च्‌ केलं. निकेशने सांगितलं की मला जायलाच हवं, गावाला बांधाची पाळी आहे.

"इथलीही पाळीच आहे की," साहेब म्हणाले. "दुसरा माणूस बघतो. तोवर बस."

माणूस मिळाला नाही. गटारीला मिळत नसतो. साहेबांना स्वतःला पॅनेलसमोर बसता आलं असतं. ते त्यांना सुचलं नाही आणि निकेशला म्हणवलं नाही. पॅनेलशेजारच्या फोनवरून त्याने गावच्या भातगिरणीत फोन लावला. गावातला तो एकच फोन, आणि तो सोमवारच्या पावसापासून मुका होता. म्हणजे निकेश येत नाही ही गोष्ट धाटावबाहेर एकाही माणसाला ठाऊक नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दहाच्या सुमारास साहेबांनी स्वतः चहा आणून त्याच्यासमोर ठेवला.

"तुझ्यासारखा भरवशाचा ट्रेनी मी बघितला नाही. पुढच्या महिन्यात कन्फर्मेशनची नावं जायची आहेत. मी विसरणार नाही."

निकेशला बरं वाटलं. बाप, बांध, उधाण सगळं डोक्यात असताना, तो चहा संपेपर्यंत, बरं वाटलं. पुढं तो स्वतःला सगळ्यात जास्त बोलला तो या चहावरून.

इकडे काळुराम ओटीवर दोरी वळत बसला होता. स्वारी खुशीत. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून सांगत होता की आमचा निकेश केव्हाच बांधावर जाऊन बसलाय, तुम्ही खुशाल प्या. आत चुलीपाशी त्याची बायको हौसा सुकट भाजत होती, बांधावर पाठवायच्या भाकरीबरोबर. त्या वासाने मृणाली तोंडाला पदर लावून मागच्या दारी पळाली. परत आली ती पांढरीफटक.

हौसाने सुकटीचा तवा खाली ठेवला आणि सुनेकडं नीट बघितलं.

"काय गो? काय लपवतेस?"

"ह्या खेपेलाही पाळी चुकली, आई."

"निकेशला ठाऊक हाय?" हौसाने आवाज उतरवून विचारलं.

"त्यांना येळ कुठं असतो?"

"बरं. तुझ्या सासऱ्याला एवढ्यात सांगू नको. उगाच नाचायला लागतील."

कुडाची भिंत. तिच्यापलीकडं काळुरामचे हात दोरीवर थांबले. या घरात दोन महिने एकाच पाळीचा विषय चालला होता, तर त्याने दुसरी कोणती समजायची? ह्या खेपेलाही चुकली. पोरगा आला नाही. आणि बायका आपल्यापासून लपवताहेत. शेवटचं वाक्य भाकरी थापायच्या आवाजात बुडालं, त्याला पुरतं ऐकू आलं नसावं. म्हाताऱ्याने ऐकलं चुकीचं आणि समजला मात्र बरोबर.

"चुकली तर चुकली," तो बाहेरूनच म्हणाला. आवाजात राग नव्हता. "लपवताय कशाला? मी हाय ना अजून."

आत दोघींनी जिभा चावल्या. सासऱ्याने असलं बोलणं ऐकलं म्हणून मृणालीला कुठं लपू असं झालं. हौसाने पदर तोंडात कोंबला आणि चुलीपाशी खाली बसून ती हसली. म्हाताऱ्याचे कान बघ, म्हणाली. नातवंड म्हटलं की बरोबर ऐकू येतं. लाजेने दोघींपैकी एकीनेही बाहेर डोकावलं नाही. कोपऱ्यातून फावडं उचलल्याचा आवाज हौसाला आला होता. सरळ धोंडीकडं बातमी सांगायला निघाला असेल, असं तिला वाटलं. बातमी सांगायला फावडं कशाला लागतं, हे तिच्या मनात तेव्हा आलं नाही. नंतर तो आवाज तिने रोज ऐकला.

बांधावर काय झालं ते कोणी बघितलं नाही, मातीवरून समजलं ते एवढंच. दोन बिळं पेंढा आणि चिखल घालून बुजवली होती, टाचेने दाबून, जशी काळुराम बुजवायचा तशी. तिसऱ्या बिळावर चिखलाचा गोळा नुसता ठेवला होता. दाबलेला नव्हता. त्याच्या शेजारी बांधाला टेकून काळुराम बसला होता.

त्याला बघितलं धोंडीने. तो बाटली घेऊन निकेशची चेष्टा करायला आला होता, घोटभर तरी घे म्हणायला. गावाने त्या दिवशी धोंडीला पहिल्यांदा उतरलेल्या तोंडाने गटारी करताना बघितलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीचं उधाण काही मोठं नव्हतं. वारा नव्हता, पाऊसही थांबला होता. पाणी बांधाच्या कमरेपर्यंत आलं आणि मागे गेलं. कोणी नसतं गेलं तरी बांध उभा राहिला असता.

निकेशला तीन वाजता दुसऱ्या पाळीच्या माणसाने सोडवलं. फाट्यावर उतरला तेव्हा पाच वाजून गेले होते. बोलल्याप्रमाणे तो परस्पर बांधावर गेला. ओहोटी लागून चिखल उघडा पडला होता. बांधावर कोणी नव्हतं, फक्त त्यांच्या घरचं फावडं पडलं होतं. दांड्याला त्यानेच निळी नायलॉनची दोरी गुंडाळलेली. बुजवलेली बिळं त्याने बघितली, टाच ओळखली. म्हातारा येऊन, काम करून, रागावून घरी गेला असणार. चांगला बोलणार आज. त्याने तिसऱ्या बिळावरचा गोळा टाचेने दाबून टाकला आणि फावडं खांद्यावर घेऊन उभा राहिला. राखायला काही उरलं नव्हतं. पण गावातून कोणी बघितलं तर निदान उभा दिसावा.

बघितलं धोंडीनेच. तो सावकाश बांध चढून आला.

"निकेश, फावडं ठेव. घरी चल."

"पाळी हाय माझी," निकेश म्हणाला.

"झाली ती," धोंडी म्हणाला, आणि फावडं त्याने स्वतःच काढून घेतलं.

पुढचे सगळे दिवस निकेश एकच गोष्ट विचारत राहिला. बापाला कोणी सांगितलं? फोन बंद. धाटावहून गावात कोणी आलं नाही. मी येत नाही हे मला आणि साहेबांनाच ठाऊक. मी बांधावर आहे असं समजून ओटीवर दोरी वळत बसलेला माणूस उठला कशाने? त्याने धोंडीला विचारलं, गिरणीवाल्याला विचारलं, एस.टी.च्या कंडक्टरलासुद्धा विचारलं. सुतकात भेटायला आलेल्या रवीला त्याने शिव्या दिल्या नाहीत, त्यालाही हेच विचारलं. रवी खाली मान घालून रडला. त्याला उत्तर कुठून ठाऊक असणार?

उत्तर हौसाला सापडलं ते दहाव्याच्या दिवशी, तळ्यावर कपडे धूत असताना. पोरगा मागे कोणाला तरी तोच प्रश्न विचारत होता आणि हिच्या कानात म्हाताऱ्याचं बोलणं वाजलं, चुकली तर चुकली. तिचा हात तसाच थांबला. मग ती शेजारी वाकलेल्या सुनेकडं न बघता बोलली.

"नातवंडाचं कळून नाय गो गेले ते. त्यांना दुसरीच पाळी ऐकू आली."

मृणालीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिच्या हातातलं धोतर पाण्यात सुटलं. ते काळुरामचंच होतं.

"निकेशला कधी सांगू नको," हौसा म्हणाली. "आपण आलो नाय म्हणून बाप गेला, एवढं तो कसातरी वाहील. पोटातल्या पोरावर नको यायला."

भाद्रपदात निकेश कन्फर्म झाला. साहेब शब्दाला जागले. तोपर्यंत मृणालीचं पोट दिसायला लागलं होतं, आणि सांगायची वेळच आली नाही, त्याने स्वतःच ओळखलं. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तो घरात जागा राहिला. भिंतीला टेकून बसला होता.

"बाबांना कळलं होतं?"

"नाय," मृणाली म्हणाली. हे खरंच होतं.

"आईला कधी सांगितलंस?"

"तेराव्यानंतर."

मग त्याने पुन्हा तेच विचारलं, आता तिला. "मग त्यांना सांगितलं कोणी गो, मी येत नाय म्हणून?"

ती उठून त्याचं अंथरूण घालायला लागली. गोधडी झटकली, उशी थोपटली. तो आडवा झाल्यावर उशाशी बसली, आणि बराच वेळ गेल्यावर, तो झोपला असं वाटून, हळूच म्हणाली, "ऐका ना."

त्याने लगेच डोळे उघडले. "काय?"

लग्न झाल्यापासून त्याने पहिल्यांदा पहिल्या हाकेला विचारलं होतं.

"काय नाय. झोपा. उद्या पहिली..." शब्द तिच्या तोंडातच अडला. "पहिली शिफ्ट हाय ना."

तेव्हापासून त्या घरात कोणी पाळी म्हणत नाही. निकेश शिफ्टला जातो. जोळीचा निरोप आला की हौसा बैठकीला विचारते, आमची शिप कधी? निकेशला त्यात काही वेगळं वाटत नाही, त्याच्या कानाला तो शब्द कंपनीतलाच. गाव मात्र गालात हसतं. पोरगा कन्फर्म झाला आणि काळुरामच्या म्हातारीला इंग्रजी आलं, असं धोंडी म्हणतो.