उन्हात धरलेली करंगळी

१४ एप्रिल १९९८, सकाळचे अकरा. अंबरनाथच्या बुवापाड्यात कौसाबाईंनी खिडकीवर ठोकलेली गोधडी बोटभर सारली आणि उजव्या हाताची करंगळी उन्हात धरली.

नेमकं हेच करायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

उजवा डोळा आधीच गेलेला. कडेचं दिसे, मधलं नाही. थंडीत नात झाली, पद्मजा. उजव्या डोळ्याला तिचे कान दिसले, जावळ दिसलं. तोंडाच्या जागी काळा डाग. डाव्याला ती अख्खी दिसे. पण होळीच्या सुमारास डाव्यालाही दाराची चौकट वाकडी दिसू लागली. तेव्हा मुलगा अनंता त्यांना मुंबईच्या एका इस्पितळात घेऊन गेला. म्हातारपणी डोळ्याचा पडदा बिघडतो, त्यावरचं नवं औषध तिथे तपासत होते. चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या नळीतून ते दंडात गेलं. मग डोळ्यात लाल उजेड सोडला.

"दंडात टोचलेलं डोळ्यात कसं जातंय, बाई?"

"चरबीच्या थेंबांत भरलंय, आजी. रक्ताच्या एका पेशीत हजारो मावतील, एवढे बारीक थेंब. अंगभर फिरतात, डोळ्यातल्या वाईट शिरांत जमतात आणि गप्प बसतात. उजेड पडला, की तेवढ्याच जागी काम करतात."

कौसाबाईंची उभी हयात काडेपेटीच्या कारखान्यात गेलेली. "म्हंजी काडीच्या गुलासारखं. घासल्याबिगर पेटत नाय."

"अगदी तसंच. म्हणून पाच दिवस ऊन नको. कातडीतलंही पेटेल. आणि काही जणांना नुसतं साखरेचं पाणी देतात. तुम्हाला काय दिलं, ते मलाही माहीत नाही. सगळ्यांचं संपल्यावरच कळेल."

घरी अंधारात बसून कौसाबाई दंडावर हात फिरवत. आत लाखो न पेटलेल्या काड्या हिंडतायत, वाट शोधतायत. की नुसतंच पाणी?

आज तिसरा दिवस, आणि जयंती. गल्लीत ताशा सुरू झाला.

"निळा झेंडा तरी बघू दे रे."

"आई, पाऊल टाकलंस तर बघ! टेपवर गाणी लावतो, ती ऐक," म्हणून अनंता मिरवणुकीला गेला.

कारखान्यात प्रत्येक खेपेतली एक काडी ओढून बघत. पेटली, की खेप पुढे. कौसाबाईंनी करंगळी बाहेर काढली ती त्याच हिशेबाने. आधी काहीच नाही. मग चटका बसला.

"आत्या! काय केलंत हे?" सून बकुळा धावली.

"काडी ओढून बघितली."

"आणि?"

"पेटली!" त्यांनी करंगळी तिच्यापुढे धरली. "खरं औषध हाय गं पोरी. हिंडतंय आत."

बकुळाने करंगळी निरखली. लाल होती. मग तिने गोधडीखालून खिडकीच्या पत्र्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"आत्या, पत्रा तापलाय. माझंपण लाल झालं."

दोघी आपापलं बोट धरून बसल्या. ताशा दारावरून पुढे गेला.

जुलैच्या तपासणीत दाराची चौकट होती तेवढीच वाकडी निघाली. कुणाला काय दिलं, ते अजून जाहीर झालेलं नाही. पद्मजाला पहिला दात आलाय. तो घरात सर्वांत आधी कौसाबाईंनी पाहिला.